गुरुवार सोडून रोज

मला राग पटकन येतो, हे आधीच सांगून टाकते. मी नीलिमा. मूळची पुण्याची, बेंगळूरला येऊन अकरा वर्षं झाली आणि सॉफ्टवेअर कंपनीत दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेते. तेव्हा चंदनाक्कांबद्दल सांगताना मधेच माझा आवाज चढला तर चालवून घ्या. गेल्या श्रावणात जे झालं ते आठवलं की अजूनही तो चढतोच.

चंदनाक्का म्हणजे चंदना लाड. मल्लेश्वरमला, फुलवाल्यांच्या मागच्या बोळात त्यांचं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. दुकान कसलं, दोन मशिनी, एक आरसा आणि एक बाकडं. वय चोपन्न. नवरा विमानतळाची टॅक्सी चालवतो, दिवसातून तीन-तीनदा देवनहळ्ळी करतो आणि घरी आला की जेवून झोपतो. मुलगी मनस्विनी बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला. घराणं इथं चारशे वर्षांचं, शहाजीराजांच्या फौजेबरोबर आलो असं घरात सांगतात. "तुम्ही मूळच्या कुठल्या?" असं कुणी विचारलं की अक्का म्हणतात, "इथल्याच की!" त्यांची मराठी ऐकून पहिल्या दिवशी मला हसू फुटलं होतं. "स्वल्प थांब गं, हूक लावते, मग सरी होतं." स्वल्प म्हणजे जरा, सरी म्हणजे ठीक. असली मराठी मी जन्मात ऐकली नव्हती. मग त्यांनी शिवलेला ब्लाउज घालून बघितला आणि माझं हसणं बंद झालं. असा ब्लाउज मला पुण्यात कुणी शिवून दिला नव्हता.

नऊ वर्षांपूर्वी गिऱ्हाइकांना "ब्लाउज तयार आहे" एवढं कळवायला अक्कांनी फोनवर एक ग्रुप काढला. बायकांनी त्यात बहिणी घातल्या, बहिणींनी दीर-भावजया. कुणी भाड्याचं घर विचारू लागलं, कुणी गणपतीची मूर्ती, कुणी मुलीसाठी स्थळ. आज 'बेंगळूरची मराठी मंडळी' या ग्रुपात साडेसहा हजार माणसं आहेत. ॲडमिन अक्का, आणि त्यांच्या हाताखाली मी.

अक्कांची पद्धत वेगळीच. नवीन माणूस आला की त्या स्वतः फोन लावतात. "कुणाची तू? कुठली? काय करतेस? जेवलीस का?" एवढं झालं की आत. नाव, नंबर, तारीख सगळं मापांच्या वहीच्या मागच्या पानांवर. मी म्हटलं, "अहो अक्का, मी एक छान फॉर्म बनवून देते ना."

"फॉर्मात आवाज येतो का गं?" त्या म्हणाल्या. "माप घेतल्याबिगर मी कापड कापत नाही."

ग्रुपातलं सगळ्यांत मानाचं माणूस म्हणजे अण्णा, जयसिंगराव माने. वय चौऱ्याहत्तर, सरकारी कारखान्यातून निवृत्त, ताठ बसणार, हळू बोलणार. अक्कांना सख्खा भाऊ नाही, त्या ग्रुप निघाल्यापासून अण्णांना राखी बांधतात. म्हणून त्यांची बायको, सगुणाबाई, अक्कांच्या वैनी. ही बाई इतकी मऊ की काय सांगू! दर मंगळवारी दुकानात यायची, बाकड्यावर बसायची, डब्यातून चिरोटे काढून आमच्या हातावर ठेवायची. मला म्हणायची, "किती वाळलीस गं, खा." त्यांचा एकुलता मुलगा गिरीराज बरीच वर्षं हैदराबादला. त्याचं लग्न तिकडेच झालं, सुनेला इथं कुणी धड पाहिलेलंही नव्हतं.

आणि अण्णांचा गुरुवार! तो तर साऱ्या ग्रुपाला पाठ होता. एकोणीस वर्षं अण्णा गुरुवारी मौन पाळतात. सकाळी मठात जाऊन यायचं आणि मग दिवसभर तोंडातून शब्द नाही. अगदीच काही लागलं तर मांडीवरच्या पाटीवर लिहायचं. घरातले दोन्ही फोन, त्यांचा आणि वैनींचा, बुधवारी झोपायच्या आधी बंद करून लाल फडक्यात बांधून देवघरात ठेवायचे, ते शुक्रवारी सकाळीच सोडायचे. दर बुधवारी अण्णांचा मेसेज ठरलेला: "उद्या मौन. शुक्रवारी भेटू." आम्ही पोरीसोरी त्यावर चेष्टा करायचो. एकीने तर लिहिलं होतं, "अण्णा, आमच्या ह्यांनाही हे व्रत सांगा की!"

आषाढी एकादशीच्या सुमारास ग्रुपात एक पोस्ट मंजुरीसाठी आली. पाठवणारीने नाव झाकलेलं, ॲडमिनसाठी नुसता फोन नंबर दिलेला. लिहिलं होतं: "आपल्यातल्याच एका घरात मुलाचं दुसरं लग्न ठरतंय. मुलगी म्हैसूरची आहे. पहिलं लग्न 'जमलं नाही' एवढंच तिच्या घरच्यांना सांगितलंय. ती पहिली बायको मी. का जमलं नाही ते मी फक्त मुलीच्या आईवडिलांना सांगेन. त्यांनी मला एक फोन करावा."

अक्कांनी तिला फोन लावला. ती पाऊण तास बोलली, त्यातला अर्धा वेळ रडली. नवऱ्याचं नाव मात्र सांगितलं नाही, स्वतःचंही नाही. "मला कुणाची बदनामी करायची नाहीये, फक्त त्या मुलीला माहीत असू दे," म्हणाली. अक्कांनी तिचा नंबर वहीत लिहिला आणि पोस्टखाली टाकलं, "फोन नंबर माझ्याकडे आहे. मुलीच्या घरच्यांनी मला विचारावं." नाव न घेता कुणाला आत घ्यायचं नाही हा स्वतःचा नियम त्यांनी त्या दिवशी मोडला. मी विचारलं, तर म्हणाल्या, "आवाजाचं माप घेतलंय मी. खोटा नाही तो."

पोस्टखाली नुसती जुंपली. मग आम्ही ठरवलं, या पोस्टवरची प्रत्येक कॉमेंट आधी अक्कांकडे येणार, त्यांनी मंजूर केली तरच दिसणार.

तिसऱ्या दिवशी अक्कांच्या खासगी मेसेजात 'सत्यवचनी' नावाचं खातं उगवलं. फोटो नाही, काही नाही. "पोस्ट काढ. तुला महागात पडेल." अक्कांनी घाण म्हणून पुसून टाकला आणि मला चार दिवसांनी सांगितलं. तोवर असे सहा आले होते आणि सहाही पुसले होते. मी दुकानातच ओरडले, "अक्का, पुसलात कशाला? पुरावा होता तो!" घरात केर दिसला की काढायचा, एवढंच त्यांना माहीत. पुढचे मी पुसू दिले नाहीत, जुन्यांच्या तारखा त्यांना आठवतील तशा वहीत लिहून घ्यायला लावल्या.

मेसेज थांबले नाहीत. "दुकानाला कुलूप लावायला लावू." "रस्त्यात गाठू." अक्का म्हणायच्या, "भुंकतोय, भुंकू दे." मीही तसंच म्हणत होते. ऑफिसात मी शंभर वेडे मेसेज बघते, मला वाटलं त्यातलाच एक.

मग एका मंगळवारी दुपारी अक्कांचा फोन आला. नुसता श्वास ऐकू येत होता. मी टॅक्सी करून दुकानात गेले. त्यांनी फोन माझ्यापुढे धरला.

"मनस्विनी सव्वासातला मेट्रोतून उतरते. जांभळी ओढणी, सोनेरी काठ. पोस्ट काढ, नाहीतर तिला स्वतःचं तोंड आरशात बघवणार नाही."

मी तीनदा वाचलं. ती ओढणी अक्कांनीच आठवड्यापूर्वी, त्याच मशिनीवर, काठ लावून दिलेली. पुढ्यात रेशमी ब्लाउजपीस होतं आणि त्याचा पुढचा गळा पाठीच्या बाजूला कापलेला होता. सव्वीस वर्षांच्या शिवणकामात त्यांनी कापड वाया घालवल्याचं मी ऐकलं नव्हतं.

"कुणीतरी बघतंय गं तिला," अक्का म्हणाल्या. "रोज बघतंय. अय्यो देवा, मी काय करून बसले!"

आम्ही पोलिसांत गेलो. तिथल्या बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, उत्तर द्यायचं नाही, पुसायचं नाही, सगळं छापून आणा, खातं कुणाचं ते कळायला वेळ लागेल. वेळ किती, ते त्यांनाही सांगता येईना. त्या दिवसापासून अक्का सात वाजता दुकान बंद करून मेट्रोच्या दाराशी उभ्या राहायला लागल्या. मनस्विनीने ओढणी कपाटात टाकली. ही पोरगी जिना चढताना गाणारी! आता ॲसिडच्या धास्तीने येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या हाताकडे बघत चालायची. एकदा मागून कुणीतरी पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडलं तर ती किंचाळली. मला तेव्हा कुणाचा तरी गळा धरावासा वाटत होता आणि कुणाचा धरायचा तेच कळत नव्हतं.

राखीपौर्णिमेला अक्का अण्णांकडे गेल्या. राखी बांधताना त्यांना रडूच फुटलं आणि त्यांनी धमक्यांचं सगळं सांगितलं. अण्णा म्हणाले, "काढून टाक अक्का ती पोस्ट. दुसऱ्याच्या घरच्या भानगडीत आपली पोर कशाला?" सगुणावैनींनी अक्कांच्या पाठीवरून हात फिरवला, साडी दिली, डबा भरून दिला.

त्या बुधवारी शेवटचा मेसेज आला. "शुक्रवारपर्यंत पोस्ट दिसली तर शनिवारी तुझी पोरगी कॉलेजला जाणार नाही."

गुरुवारी सकाळी मी अर्धी रजा टाकून दुकानात पोचले. अक्का फोन हातात घेऊन बसल्या होत्या, पोस्ट समोर उघडी. म्हैसूरहून अजून कुणाचाच फोन आला नव्हता. पोस्ट काढली की ती मुलगी डोळे मिटून त्या घरात जाणार. ठेवली, तर अक्कांची स्वतःची मुलगी.

"काढते मी, नीलिमा," त्या म्हणाल्या. "ती दुसऱ्याची पोर आहे, ही माझी. माफ कर मला." माझी माफी कशाला मागत होत्या देव जाणे. मला रडूही येत होतं आणि रागही.

मी म्हटलं, "काढा. पण पोलिसांचे कागद आधी पूर्ण करू. तारखा नीट लिहू." त्यांनी मापांची वही ओढली. कुठल्या दिवशी कोणता मेसेज, त्या लिहीत होत्या. मापं लिहितात तसेच रकाने आखलेले. सोमवार, मंगळवार, बुधवार. लिहिता लिहिता त्यांची पेन्सिल थांबली.

"हे बघ गं."

पाच आठवडे. बत्तीस मेसेज. रविवार भरलेला, सोमवार भरलेला, सगळे भरलेले. गुरुवारचा रकाना मात्र वरपासून खालपर्यंत कोरा.

नाव कुणीच घेतलं नाही. मग माझंच डोकं फिरलं. "पोरीचं तोंड बिघडवायच्या धमक्या चालतात, पण गुरुवार मोडायचा नाही! वा रे वा! राखी बांधून घेताना लाज नाही वाटली?" अक्का म्हणाल्या, "नको गं, अण्णा नसतील." पण चपला त्यांनी माझ्या आधी घातल्या.

मान्यांचं घर दोन रस्ते पलीकडे. दार वैनींनी उघडलं. "अय्यो, गुरुवारी कशा? या या, कॉफी करते," असं म्हणून त्या आत गेल्या. अण्णा खिडकीजवळ आरामखुर्चीत, मांडीवर पाटी. आम्हाला बघून त्यांनी हसून हात जोडले. मी छापलेले कागद त्यांच्या पाटीवर आपटले.

"वाचा अण्णा. पाच आठवडे रोज येतात. फक्त गुरुवार सोडून. आमच्या ग्रुपात गुरुवारी कुणाचा फोन देवघरात असतो हो?"

चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसावर मी आवाज चढवत होते आणि तो माणूस उत्तर देऊ शकत नव्हता. त्यांनी वाचायला घेतलं. दुसऱ्या पानावर थांबून त्यांनी कागद बाजूला सारले. पाटीवर लिहिलं, "मी नाही." मी म्हटलं, "मग कोण? देव?" अक्का मध्येच उभ्या. त्या एकच वाक्य बोलल्या, "अण्णा, माझ्या मनस्विनीचं नाव आहे त्यात."

अण्णा उठले. देवघरात जाऊन लाल फडकं घेऊन आले आणि आमच्यासमोर त्याची गाठ सोडली. स्वतःचा फोन चालू करून सरळ अक्कांच्या हातात दिला. मी सगळं उघडून बघितलं. काही नव्हतं. दुसरा फोन त्यांच्या हातात राहिला. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता. त्यांनी तो फोन चालू केला, मेसेज उघडले आणि बघत राहिले. मी त्यांच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. वर नाव होतं 'सत्यवचनी'. खाली जांभळी ओढणी.

वैनी कॉफीचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या.

"सगुणा," अण्णा म्हणाले.

मोठ्याने नाही म्हणाले. पण एकोणीस वर्षांत गुरुवारी त्या घरात त्यांचा आवाज निघाला नव्हता. ट्रेमधले पेले वाजायला लागले. आणि त्या बाईच्या तोंडून पहिलं वाक्य काय निघालं असेल?

"तुम्ही बोललात! गुरुवार मोडलात!"

मी त्या ट्रे धरलेल्या हातांकडे बघितलं. चिरोटे देणारे हात ते. दुकानातल्या बाकड्यावर बसून ओढणीचा काठ निवडून देणारे. सोनेरीच लाव, पोरीला खुलेल, असं म्हणत. पोरगी सव्वासातला उतरते हेही त्यांनी त्याच बाकड्यावर ऐकलेलं.

वैनी ट्रे ठेवून खालीच बसल्या. "मी काय खरंच काही करणार होते का हो अक्का? मला मेट्रोचं तिकीटसुद्धा काढता येत नाही. नुसतं लिहिलं. गिरीचं एकदा मोडलंय, आता म्हैसूरचं जुळत आलंय. ती पोस्ट त्यांनी बघितली असती तर? आई आहे मी."

"म्हैसूरचं?" अण्णांनी विचारलं. "मला तर पहिलं जमलं नाही एवढंच सांगितलंस, म्हैसूरचं काहीच नाही. म्हणजे ती पोस्ट आपल्या हर्षिताची?"

तेव्हा कुठे आम्हाला त्या बाईचं नाव कळलं.

अक्का हळूच म्हणाल्या, "वैनी, माझी पोर पाण्याच्या बाटलीला घाबरते. मीही आईच आहे ना?" त्यांचा आवाज चढला नव्हता. माझाच चढला असता, पण अण्णांनी हात वर केला. त्यांनी कागदावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं.

"तोंड आरशात बघवणार नाही. सगुणा, आपल्या घरात कुणी असलं बोलत नाही. हे शब्द तुला कुठून सुचले?"

वैनी पदराशी खेळत बसल्या. मग जे बोलल्या ते मी अजून विसरू शकत नाही.

"माझे नाहीत ते. गिरीचे आहेत. तो हर्षिताला लिहायचा. दोन वर्षांपूर्वी तिने मला सगळे पाठवले होते, 'आई, बघा, हे मला काय लिहितात, काहीतरी करा.' मी कुणाला दाखवले नाहीत. फोनात होते. तेच उतरवून काढले. नाव-ठिकाण तेवढं बदललं."

मला एकदम कळलं की आपण जे वाचून घाबरलो होतो, ते त्या मुलीने लग्नाच्या घरात राहून वाचलं होतं. मदत मागायला सासूकडे पाठवलं होतं आणि सासूने ते जपून ठेवलं होतं. अण्णा खुर्चीत बसले ते पडल्यासारखे. त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं पुन्हा मौन धरलं.

मग त्यांनी अक्कांच्या हातातून आपला फोन घेतला आणि एका बोटाने, अक्षर अक्षर शोधत, लिहायला लागले. पाच मिनिटं तरी लागली असतील. झाल्यावर फोन पालथा मांडीवर ठेवला.

अक्कांचा फोन वाजला. त्या पोस्टवर एक कॉमेंट मंजुरीसाठी आली होती. अक्कांनी ती वाचली, मग मला वाचायला दिली.

"ही पोस्ट खरी आहे. तो मुलगा माझा. नाव गिरीराज माने. म्हैसूरच्या मंडळींनी हर्षिताशी बोलल्याशिवाय पुढे जाऊ नये. मला आजवर विचारायचं सुचलं नाही, ही माझी चूक. जयसिंगराव माने."

खाली दोन बटणं. मंजूर. नामंजूर.

वैनींनी हात जोडले. "अक्का, नको. बेडा, अक्का. तुमच्या पाया पडते. मी फोन फोडून टाकते, मनस्विनीचीही माफी मागते. माझ्या पोराचं नाव तेवढं नको." त्या खरंच सरकत पुढे आल्या आणि अक्कांच्या पायाला त्यांनी हात लावला. अक्कांचे डोळे भरून आले. नऊ वर्षं त्या बाईने त्यांना माहेर दिलं होतं, ते काय मला दिसत नव्हतं? मी त्यांच्या जागी असते तर रागाने बटण दाबलं असतं. अक्कांना राग नव्हताच. त्यांनी वाकून वैनींचे हात आपल्या पायांवरून काढले आणि धरून ठेवले.

"वैनी, हे कागद मी पोलिसांत देणार," त्या म्हणाल्या. "आणि हर्षिताने तुमच्याकडे पाठवलं तेव्हा तुम्ही पुढं दिलं नाही. माझ्याकडे आलंय, तर मला द्यावंच लागेल."

त्यांनी मंजूर दाबलं.

माझ्या हातातला फोन लगेच थरथरला. साडेसहा हजार फोन थरथरले असतील. गुरुवारी, दुपारी साडेबाराला, अण्णांचं नाव. क्षणभरात मंजुरीसाठी पुढची कॉमेंट आली, "अण्णा, आज गुरुवार ना?" पुढचं मी वाचलं नाही.

आम्ही निघालो तेव्हा कॉफी तशीच होती. अण्णा दारापर्यंत आले. हातातली राखी त्यांनी तशीच ठेवली होती, रंग उडालेली. अक्कांनी तिच्याकडे बघितलं आणि चपला घातल्या.

दुकान उघडून आम्ही बाकड्यावर बसलो. पाणीसुद्धा पिऊन झालं नव्हतं, तोच अक्कांचा फोन वाजला. नवा नंबर. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि फोन कानाला लावला.

"बोला. कुणाचे तुम्ही? कुठले?"

पलीकडून एका पुरुषाचा आवाज येत होता, घाईचा, घाबरलेला. म्हैसूर एवढं मला ऐकू आलं. अक्का ऐकत होत्या आणि दुसऱ्या हाताने मापांच्या वहीची मागची पानं उलटत होत्या.

"सरी सरी, घाबरू नका. जेवलात का? बरं, लिहून घ्या. तिचं नाव हर्षिता."